बाबांची मेडलं

दादाने परवा फोनवर विचारलं, "मेडलांचं काय करायचं? एक तू घे, एक मी घेतो." मी सरळ नाही म्हटलं.

मेडलं दोन. 'पूर्वी स्टार' (पूर्व आघाडीचं) आणि संग्राम मेडल, दोन्ही १९७१ च्या युद्धाची. बाबांनी ती एकाच पट्टीवर शेजारीशेजारी शिवलीत, तीही काळ्या दोऱ्याने, कारण त्या दिवशी दुसरा रंग हाताशी नव्हता. टाके मात्र एकासारखे एक. शिवणात आईपेक्षा त्यांचा हात बरा होता. (आईही हे मान्य करते, कुरकुरत.)

बाबा विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या बॉयलर रूममध्ये होते. नौदल दिन म्हटला की लोकांना ४ डिसेंबर १९७१ चा नौदलाचा कराचीवरचा हल्ला आठवतो, त्यामुळे मेडल बघणारा हमखास विचारतो, "कराचीला होते का?" नव्हते. त्याच ४ डिसेंबरला विक्रांत बंगालच्या उपसागरात होती आणि तिची सी हॉक विमानं कॉक्स बझारवर गेली होती. बाबांनी त्यातलं एकही उडताना पाहिलं नाही. जहाजाच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेलेला, वेग मिळेना, आणि विमान फेकणाऱ्या कॅटापल्टलाही वाफच लागते. युद्धाचं विचारलं की बाबा वाफेचंच सांगत बसायचे. आम्ही पोरं कंटाळायचो.

संग्राम मेडलच्या कडेवर त्यांचा नंबर, हुद्दा, नाव आहे. म्हणजे होतं. सातवीत मी शाळेत दाखवायला म्हणून पितळेच्या पॉलिशने ते लखलखीत केलं आणि मग दरवर्षी तोच उद्योग. आता नाव नखाने चाचपलं तर लागतं, नंबरचे शेवटचे दोन आकडे पार गेले. बाबांनी पाहिलं तेव्हा एवढंच म्हणाले, "मला पाठ आहे." मला नव्हता, आणि मी विचारूनही ठेवला नाही.

२०१४ मध्ये विक्रांत भंगारात निघाली. पुढे तिचं पोलाद वापरलेली बजाजची मोटारसायकल आली, ती दादाने लगेच घेतली. म्हणून त्याला म्हटलं, "जहाज तुझ्याकडे आहे की!" हसला. शेवटी ठरलं, वर्षभर त्याच्याकडे, वर्षभर माझ्याकडे, पण जोडी फोडायची नाही. पूर्वी स्टारची फीत पार विरलीय. नवी मिळते, पण ती लावायची तर काळे टाके उसवावे लागतील. तशीच ठेवलीय.