रॉकेलच्या इंजिनातलं सोवळं

लॉक्सच्या, म्हणजे द्रव ऑक्सिजनच्या, पाइपच्या फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या कडीवर, बोटाचा एक ठसा दिसला, की तो भाग पुन्हा सफाईला जातो. चाचणीची वेळ ठरलेली असो, सगळा चाचणीचा स्टँड खोळंबलेला असो, तपासणारा सही करत नाही. रॉकेटच्या केरोसीन इंजिनांच्या कामासाठी इथे जर्मनीत येणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना आधी जाचतो तो हाच नियम. पण मला विचाराल, तर या इंजिनात टर्बोपंपाइतकंच, म्हणजे टर्बाइनवर चालणाऱ्या इंधनपंपाइतकंच, हे सोवळं मोलाचं आहे.

ऑक्सिजनचं ज्याच्याशी वैर, ते रॉकेल इथे त्याच्या शेजारीच नांदतं. बऱ्याच इंजिनांत एकाच शाफ्टवर एक पंप उणे 183 अंशांचा लॉक्स ढकलतो आणि दुसरा केरोसीन. मधे सीलं, आणि सीलांच्या मधल्या जागेत सतत हेलियमचा दाब. तो पडला की चाचणी बंद. लॉक्समध्ये सापडलेला तेलाचा पातळ थर नुसत्या धक्क्यानेही पेटू शकतो. व्हॉल्व्ह झटकन उघडला, तर पुढे कोंडलेला ऑक्सिजन वायू दाबला जाऊन तापतो आणि तेवढं निमित्त पुरतं. आधी तेल जळतं, मग टेफ्लॉनचं सील, मग धातू. मोठ्या दाबाच्या ऑक्सिजनमध्ये स्टेनलेस स्टीलही जळतं, ॲल्युमिनियम तर त्याहून लवकर. निकेल आणि तांब्याच्या मिश्रधातूंचा मोनेल बराच टिकून राहतो, म्हणून नाजूक जागी तोच वापरतात.

सफाईची रीत अशी. डिटर्जंटच्या अल्ट्रासॉनिक टाकीत धुवायचं, खनिजरहित पाण्याने खळबळायचं, कोरड्या नायट्रोजनने सुकवायचं. मग पांढऱ्या उजेडात धातूचा कीस, धागे बघायचे. त्यानंतर अंधारात 365 नॅनोमीटरचा अतिनील दिवा. बरीचशी तेलं त्यात निळसर चमकतात. कापडाचा एखादा तंतू तर काजव्यासारखा उठून दिसतो. पण दिव्यावर विसंबून चालत नाही, कारण काही सिलिकॉन तेलं चमकतच नाहीत. म्हणून भाग द्रावकाने विसळायचा, ते द्रावक उडवायचं आणि मागे उरलेल्याचं वजन करायचं. कडक मर्यादा 0.1 चौरस मीटरमागे 1 मिलिग्रॅमची असते. त्यानंतर दुहेरी पिशवी. आतली पिशवी फोडायची ती जोडणीच्या जागी, पावडर नसलेले हातमोजे घालून. ग्रीस लागलंच तर फक्त फ्लोरिनयुक्त.

एवढं करूनही चाचणीत इंजिन स्वतःच ओवळं होऊ शकतं. बंद करताना आधी लॉक्सचा व्हॉल्व्ह मिटवतात, म्हणजे मिश्रण केरोसीनच्या बाजूला झुकून ज्वलनाच्या चेंबरच्या भिंतीचं तांबं वाचतं. पण त्याच क्षणी लॉक्सच्या डोममध्ये, म्हणजे इंजेक्टरच्या मागच्या पोकळीत, नायट्रोजन सुटला नाही, तर चेंबरमधलं केरोसीन इंजेक्टरच्या भोकांतून उलटं आत शिरतं. मग पुढच्या चाचणीआधी डोम द्रावकाने धुणं आलं. पूर्वी यासाठी ट्रायक्लोरोएथिलीन सर्रास वापरत. युरोपात 21 एप्रिल 2016 नंतर ते खास परवान्याशिवाय वापरता येत नाही. अल्कोहोल स्वस्त आणि सोयीचं, पण तेही जळतंच. थेंबही राहू नये म्हणून कोमट नायट्रोजन बराच वेळ फिरवावा लागतो.

हे जास्तीचं वाटत असेल, तर स्कॉटलंडच्या शेटलंडमधलं सॅक्साव्हर्ड हे प्रक्षेपण केंद्र आठवा. 19 ऑगस्ट 2024 रोजी तिथे ऑग्सबर्गच्या कंपनीच्या रॉकेटचा पहिला टप्पा चाचणीत जळाला. सुरुवात एका इंजिनाच्या ऑक्सिजन पंपातल्या आगीने झाली. ही इंजिनं ऑक्सिजन-समृद्ध प्रीबर्नरची, म्हणजे टर्बाइन फिरवणारा वायू तयार करणाऱ्या छोट्या ज्वलनकक्षाची. केरोसीन जास्त ठेवून प्रीबर्नर चालवला तर काजळी धरते, म्हणून उलट ऑक्सिजन केरोसीनच्या पन्नासपटींहून जास्त ठेवायचा. काजळी जाते, पण टर्बाइनमधून शेकडो अंशांचा, शेकडो बारचा जवळपास शुद्ध ऑक्सिजन धावतो. त्यात सुटलेला धातूचा एक कण पातीवर आदळला तरी पुरे.

आणि म्हणूनच, आपल्याकडे इस्रोचं सेमीक्रायो, म्हणजे लॉक्स-केरोसीन इंजिन, रखडलं म्हणून नाकं मुरडणाऱ्यांचा मला राग येतो. तेही याच जातीचं इंजिन. इथलं इंजिन 100 किलोन्यूटनचं, इस्रोचं 2000 चं, चेंबरमध्ये 180 बार. जुलै 2023 मध्ये तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीच्या इस्रो केंद्रात टर्बाइनचा दाब अचानक उसळला आणि चाचणी दोन सेकंदांच्या आसपास थांबवावी लागली. मग मे 2024 मध्ये प्रीबर्नरचं प्रज्वलन जमलं आणि 28 मार्च 2025 ला पॉवर हेडची, म्हणजे मुख्य चेंबर सोडून बाकी इंजिनाची, अडीच सेकंदांची चाचणी पार पडली. अडीच सेकंद ऐकून हसू नका. अशा इंजिनात घात होतो तो बहुधा सुरू होतानाच. पैसा आणि चाचण्यांची संख्या कमी पडली, हे मात्र मान्य करायला हवं.

तिकडे नव्याने स्टँड उभारणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायचीच आहे. पाइप चकचकीत करतात आणि प्रेशर गेज विसरतात. कॅलिब्रेशनच्या बऱ्याच यंत्रांत तेल असतं. ते गेजच्या आतल्या वाकड्या नळीत शिरून बसतं. त्या नळीला दुसरं तोंड नाही, त्यामुळे कितीही धुतलं तरी ते पुरतं निघत नाही. ऑक्सिजनच्या गेजवर तेलाच्या बुधलीवर काट मारलेलं चिन्ह असतं. ते नसेल, तर गेज लॉक्सच्या लाइनला लावू नका, आणि असेल तर कॅलिब्रेशनला देताना तेल नसलेलं यंत्र लेखी मागून घ्या.