क्लोन झाला, पण विंडोज काही उठेना

क्लोनिंगचं, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी नव्या डिस्कवर करणारं सॉफ्टवेअर शंभर टक्के दाखवून मोकळं होतं, आपण जुनी डिस्क काढून नवा एसएसडी लावतो, बटण दाबतो आणि समोर काळी नाहीतर निळी स्क्रीन. यावर बहुतेक जण काय करतात, तर परत क्लोन. मग सॉफ्टवेअर बदलून परत क्लोन. मला विचाराल तर हे सगळ्यात शेवटी करायचं काम आहे, कारण कॉपीच बिघडली असं फार कमी वेळा होतं, फायली बहुतेक वेळा नीट आलेल्या असतात, घोटाळा असतो तो बटण दाबल्यापासून लॉगिन येईपर्यंतच्या वाटेत कुठेतरी. आणि गाडी कुठे अडली हे स्क्रीन बऱ्यापैकी सांगते, आपण फक्त घाईत वाचत नाही.

तर आधी बायोसमध्ये जा, म्हणजे मशीन चालू होताना विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये. तिथे नवा एसएसडी दिसतच नसेल तर विंडोजचा इथे काहीच संबंध नाही. एम डॉट टू हे फक्त आकाराचं नाव आहे, त्या आकारात साटा एसएसडी (जुन्या पद्धतीची जोडणी) पण येतो आणि एनव्हीएमई (नवी, वेगवान) पण, आणि काही स्लॉट दोन्हीपैकी एकच चालवतात. काही मदरबोर्डवर एम डॉट टू स्लॉट भरला की एखाददुसरा साटा पोर्ट बंद पडतो, मग लोकांना वाटतं जुनी हार्ड डिस्क मेली. मॅन्युअलमध्ये हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. फारच जुन्या बोर्डांना एनव्हीएमईवरून बूट करताच येत नाही, अडॅप्टर लावला तर विंडोजमध्ये डिस्क दिसते पण बूट व्हायची नाही. अशा मशीनला साटा एसएसडीच घ्यावा, उगाच झटापट नको.

डिस्क दिसतेय पण 'नो बूटेबल डिव्हाइस' येतंय, ही सगळ्यात कॉमन तक्रार. इथे दोन गोष्टी बघायच्या. पहिली म्हणजे डिस्क एमबीआर आहे की जीपीटी, डिस्कवर पार्टिशनची यादी ठेवायच्या या जुन्या आणि नव्या पद्धती. एमबीआर डिस्क जुन्या लेगसी पद्धतीने बूट होते, जीपीटीवरचं विंडोज यूईएफआय या नव्या पद्धतीने. क्लोनिंगमध्ये किंवा बायोस अपडेट करताना यातलं एक बदललं आणि दुसरं तसंच राहिलं की दोघांची गाठच पडत नाही. जुनं मशीन लेगसीवर असेल तर बायोसमध्ये तात्पुरतं सीएसएम (लेगसी बूट चालू देणारी सेटिंग) चालू करून बघा, उठलं तर दुखणं कळलं. मग विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून (२०१७) सोबत येणारं एमबीआरटूजीपीटी हे टूल डेटा न उडवता डिस्क जीपीटी करून देतं, फक्त डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन नकोत, आणि रूपांतर झाल्यावर बायोस यूईएफआय मोडवर टाकायला विसरायचं नाही. आधी व्हॅलिडेट वाला पर्याय चालवा, तो काही बदलत नाही, नुसतं जमेल की नाही ते सांगतो.

दुसरी गोष्ट ईएफआय पार्टिशन. 'मला फक्त सी ड्राइव्ह हवाय' म्हणून लोक एकट्या सी वर टिक करतात, आणि तिथेच फसतात. यूईएफआय मशीनमध्ये बूट लोडर सी मध्ये नसतोच, तो फॅट ३२ च्या एका छोट्या पार्टिशनवर असतो, बऱ्याचदा जेमतेम १०० एमबीच्या. ते आलं नाही तर पूर्ण विंडोज नव्या डिस्कवर असून उपयोग शून्य, घर आहे पण दार नाही असा प्रकार. पण यासाठी सुद्धा परत क्लोन नको. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून बूट करा, शिफ्ट आणि एफ१० दाबलं की कमांड प्रॉम्प्ट उघडतो, डिस्कपार्ट या विंडोजच्या पार्टिशन टूलमध्ये सी थोडा श्रिंक करून ईएफआय पार्टिशन बनवा (२६० एमबी ठेवलं की कुठल्याही डिस्कवर अडत नाही), फॅट ३२ फॉरमॅट करा, त्याला एखादं मोकळं अक्षर द्या, समजा झेड. मग बूटच्या फायली नव्याने लिहिणारी बीसीडीबूट कमांड, तिला विंडोज फोल्डरचा पत्ता द्यायचा, एस स्विचपुढे झेड आणि एफ स्विचपुढे यूईएफआय. पार्टिशन आहे पण आतलं बिघडलंय असं असेल तरी हीच कमांड चालते. एक लक्षात ठेवा, पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर अक्षरं बदलतात, तुमचा सी तिथे डी झालेला असू शकतो, म्हणून आधी डीआयआर (फायलींची यादी दाखवणारी कमांड) मारून विंडोज फोल्डर कुठे दिसतं ते बघा.

नेटवर सगळीकडे बूट दुरुस्तीसाठी बूटरेक आणि फिक्सबूट या कमांड मारा म्हणून सांगतात, आणि यूईएफआय मशीनवर ते 'ॲक्सेस इज डिनाइड' म्हणून तोंडावर आपटतं. त्या एररच्या मागे लागून रात्र घालवू नका, बीसीडीबूट वापरा.

आता निळी स्क्रीन. 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' आलं म्हणजे खरंतर चांगली बातमी आहे, बूट लोडर सापडला, विंडोज उठायला लागलं, पण स्वतःची डिस्कच त्याला वाचता येईना. साटावरून एनव्हीएमईवर जाताना हे हमखास दिसतं. एनव्हीएमईचा ड्रायव्हर विंडोजमध्ये असतो, पण जे ड्रायव्हर या मशीनला लागत नाहीत ते बूटच्या वेळी उचलायचे नाहीत असं विंडोजने ठरवून टाकलेलं असतं, आणि क्लोनमध्ये तो निर्णय पण जसाच्या तसा येतो. उपाय म्हणजे एकदा सेफ मोडमध्ये (विंडोजच्या कमीतकमी गोष्टींवर चालणाऱ्या मोडमध्ये) उठवणं, कारण तेव्हा विंडोज असले सगळे ड्रायव्हर लोड करतं आणि पुढच्या वेळेसाठी हिशेब दुरुस्त करतं. रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमधून बीसीडीएडिट या बूट सेटिंगच्या कमांडने डिफॉल्ट एंट्रीला सेफबूट मिनिमल सेट करा, एकदा बूट करा, मग ती सेटिंग काढा. सेफ मोडमध्ये पिन कधीकधी चालत नाही, खरा पासवर्ड आठवतोय ना ते आधी बघा, कित्येकांना पिनच्या सवयीने तो आठवतच नसतो!

मशीनमध्ये दोन्ही डिस्कना जागा असेल तर याहून सोपं आहे, क्लोनच्या आधीच नवा एनव्हीएमई लावून जुनं विंडोज एकदा सुरू करायचं, म्हणजे ते त्याला ओळखून ठेवतं. आणि हीच निळी स्क्रीन बायोसमध्ये डिस्क चालवायचा मोड रेड किंवा व्हीएमडीचा एएचसीआय झाल्यावर पण येते, तेव्हा क्लोनला शिव्या घालायच्या आधी ती सेटिंग पूर्वी होती तशी करून बघा.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, असेल तर क्लोनच्या आधी सस्पेंड करा आणि ४८ आकडी रिकव्हरी की मशीनच्या बाहेर कुठेतरी लिहून ठेवा. त्याच डिस्कवर सेव्ह करणारे लोक असतात, खरंच असतात.

क्लोननंतरचं पहिलं बूट मात्र जुनी डिस्क काढूनच. एमबीआर डिस्कवर जुन्या-नव्या दोघींची सिग्नेचर (विंडोज डिस्क ज्यावरून ओळखतं तो नंबर) सारखी असेल तर विंडोज एकीला ऑफलाइन करतं, आणि ती डिस्क आपण हाताने ऑनलाइन केली तर तिची सिग्नेचर बदलते, मग तिच्यावरचं बूट बिघडतं. कधी असंही होतं की नवीन विंडोज उठतं पण सी म्हणून जुनीच डिस्क पकडतं, आणि आपण आठवडाभर 'एसएसडी टाकून काही फरक नाही' म्हणत बसतो. लिनक्सवाल्यांनो, तुमच्या यूयूआयडीचं (पार्टिशनची ओळख सांगणारा नंबर) पण हेच आहे, आणि बीटीआरएफएस फाइल सिस्टिम असेल तर एकाच यूयूआयडीच्या दोन डिस्क एकत्र लावून माउंट करणं चांगलंच महागात पडू शकतं.

मग परत क्लोन करायचा कधी? मला दोन वेळा पटतात. एक, यूएसबी केसमधून (डिस्क बाहेरून यूएसबीने जोडायच्या डब्यातून) क्लोन केला आणि डिस्क आत बसवल्यावर पार्टिशनच दिसेनात. काही केस ५१२ बाइटच्या डिस्कला ४०९६ बाइटचे सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) म्हणून दाखवतात, मग थेट जोडल्यावर सगळे पत्ते चुकतात. डिस्क आत बसवून किंवा दुसऱ्या केसने परत करा. दुसरं, जुन्या डिस्कवर बॅड सेक्टर असतील आणि क्लोन मध्येच रीड एररने थांबत असेल. तिथे नेहमीचं सॉफ्टवेअर परत परत चालवून मरायला टेकलेली डिस्क अजून दमवू नका, आधी महत्त्वाच्या फायली काढा आणि मग डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कवरून डेटा काढायचा प्रोग्रॅम वापरा, तो चांगला भाग आधी उचलतो, खराब जागा शेवटी, आणि मॅप फाइल (कुठपर्यंत काम झालं याची नोंद) दिली असेल तर थांबला तिथून पुढे चालू होतो.

सगळं चालू झाल्यावर नव्या डिस्कवर शेवटी मोकळी जागा दिसते पण सी वाढत नाही, कारण मध्ये रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असतं. विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट त्याला हलवू शकत नाही, एखादा पार्टिशन एडिटर घेऊन ते शेवटी सरकवा आणि मग सी वाढवा.

जुनी डिस्क पुसायची घाई नको. ती काढलेली असताना मशीन दोन-चार वेळा पूर्ण बंद करून उठतंय ना ते बघा, कारण विंडोज नव्या डिस्कवर आणि बूट लोडर जुन्या डिस्कवर अशी खिचडी बऱ्याच मशीनमध्ये आपल्याला न कळता चालू असते. पुसताना डिस्क मॅनेजमेंट ईएफआय पार्टिशन डिलीट करू देत नाही, डिस्कपार्टमधलं क्लीन वापरावं लागतं, आणि क्लीन 'नक्की का?' वगैरे काही विचारत नाही, त्यामुळे एंटर दाबायच्या आधी डिस्कचा नंबर आणि साइज लिस्टमध्ये परत एकदा बघून घ्या.