आमची वाटचाल : घाटातल्या वायर रोपपासून बर्फातल्या दोरापर्यंत

भोसरी एमआयडीसीतल्या गाळ्यात वडिलांनी वायर रोप (पोलादी तारांचा दोर) कापून, टोकाच्या फासात थिंबल ही धातूची कडी बसवून द्यायचं काम सुरू केलं. गिऱ्हाईक ठरलेलं : बोरघाटात आणि खंबाटकीत उलटलेले ट्रक ओढणारे क्रेनवाले. निगा म्हणजे काय, तर जुनं इंजिन ऑइल फडक्याने रोपला चोपडायचं. वडिलांना ते कधी पटलं नाही. त्या काळ्या तेलाला धूळ चिकटते आणि तारा आतल्या आत घासत राहतात, हे ते येईल त्याला सांगायचे. ऐकणारे थोडेच. तुटक्या तारेचा काटा तळहातात घुसला, की मग ऐकायचे.

मी धंद्यात आलो तोवर जिप्सी आणि थारला पुढे इलेक्ट्रिक विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं, मोटरवर फिरणारं यंत्र) लावणारी मंडळी पुण्यात वाढली होती. त्यांच्यामुळे डायनीमा या प्लास्टिकच्या मजबूत धाग्याचा दोर आमच्या हाती आला. तेवढ्याच जाडीच्या पोलादी रोपपेक्षा ताकद जास्त, वजन नगण्य, पाण्यावर तरंगणारा. बरेच दिवस आम्ही तो नुसता विकत होतो. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला, लाहौल हिवाळ्यातही गाठता येऊ लागलं, आणि आमची काही गिऱ्हाइकं ऐन जानेवारीत सिस्सू, केलाँगला आणि किन्नौरमार्गे काझाला जाऊ लागली. तिकडून परत आलेले दोर पाहिले आणि आमच्या कामाचं स्वरूपच बदललं.

"भिजला तर काय झालं, प्लास्टिकच आहे ना?" हा प्रश्न अजूनही येतो. धागा पाणी पीत नाही हे खरं. पण बारा पेडांच्या विणीत पाणी आणि रेती अडकतेच. रात्री पारा उणे वीसकडे गेला, की ड्रमवरचे (विंचमधल्या ज्या रिळावर दोर गुंडाळतात, त्यावरचे) वेढे एकमेकांना धरून बसतात. क्लच सोडून, म्हणजे ड्रम मोकळा करून, हाताने ओढलं तरी दोर निघत नाही. मग माणूस रिमोट दाबून मोटरने सोडायला जातो, ड्रम फिरत राहतो आणि दोर उलट्या बाजूने गुंडाळला जातो. त्यात बर्फाचे कण आणि रेती आतले धागे कापत असतात. वरून मात्र दोर ठणठणीत दिसतो.

म्हणून बर्फातून आलेली गाडी आमच्याकडे आली, की पहिल्यांदा दोर पूर्ण उतरवतो. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून भिजवतो, पेड सैल करून रेती झटकतो, सावलीत वाळवतो. गच्चीवर उन्हात नाही आणि हीटरसमोर तर अजिबातच नाही, कारण हा दोर साधारण १४५ अंशांना वितळतो आणि त्याच्या बऱ्याच आधी कमजोर होऊ लागतो. कित्येक विंचचा ब्रेक ड्रमच्या आतच असतो. भार असताना दोर सोडत राहिलं, की ड्रम तापतो आणि सर्वांत आतला थर भाजून निघतो. तिथे आम्ही उष्णता सोसणारं आवरण चढवतो. मग ताण देऊन परत गुंडाळायचा. सैल गुंडाळलेला दोर पहिल्याच ओढीला खालच्या थरात रुततो.

निघायच्या आधीची तयारी नोव्हेंबरात. विंचसमोर ज्यांमधून दोर बाहेर येतो ते, जुन्या पोलादी रोपने ओरबाडलेले रोलर तसेच ठेवून नवा दोर लावू नका, त्या धारा त्याला कापतात. त्यांच्या जागी गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमची चौकट बसवून घ्या. दोराची चौकशी करणाऱ्याला मी आधी बॅटरी दाखवायला सांगतो. पूर्ण ओढीला विंच चारशे अँपिअरपर्यंत मागतो आणि कडाक्याच्या थंडीत बॅटरीचा जोर निम्म्यावर येतो. दोर कितीही चांगला असला, तरी मोटर फिरली पाहिजे ना!

दोराला नवा डोळा (टोकाचा विणलेला फास) घालायचं काम धाकट्या बहिणीकडे. जाडीच्या सत्तरपट शेपूट विणीच्या आत जायला हवी, म्हणजे १० मिलिमीटरच्या दोराला सत्तर सेंटिमीटर. त्यात ती एक सेंटिमीटरही सोडत नाही. गिऱ्हाइकालाही शिकवते, कारण काझ्यात दोर तुटला तर भोसरी जवळ नाही.

क्रेनवाले आजही येतात. मध्ये एकाने क्रेनला डायनीमा मागितला. आम्ही दिला नाही. खडकाच्या कडेवरून ट्रक ओढायचा तर पोलादच हवं. त्याला नवा वायर रोप दिला आणि सोबत रोपवर लावायचं योग्य वंगण. जुनं ऑइल त्याच्या डिकीत होतंच, ते आमच्याकडे ठेवून घेतलं.