पार्मा, पिआचेन्त्सा, रोम: चीज घेताना आधी सालीकडे बघा

बोलोन्याहून मिलानकडे जाणारी, वाटेत थांबत थांबत जाणारी गाडी मुद्दाम धरली. मोदेना, रेज्जो एमिलिया, पार्मा, पिआचेन्त्सा. सगळी शहरं एकाच रुळावर, एकाच प्रांतात, खिडकीबाहेर तीच सपाट शेतं. पण पार्मापर्यंत राज्य पार्मिजानो रेज्जानो या चीजचं, आणि पिआचेन्त्साला उतरलं की ग्राना पादानो या चीजचं. दोन्ही गाईच्या दुधाची, पिवळसर, कडक, रवाळ. किसून ठेवली तर भल्याभल्यांना ओळखू येणार नाहीत.

पार्माजवळच्या एका चीजघरात सकाळीच जाऊन पोचले, कारण दुपारी तिथे बघण्यासारखं फारसं उरत नाही. खोल तांब्याच्या कढया. आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून वरची साय काढतात आणि त्यात सकाळचं न तापवलेलं दूध घालतात. विरजण कालच्या निवळीचं, मीठ, आणि वासराच्या जठरातलं, दूध गोठवणारं रेनेट. बस्स. (शाकाहारी मंडळींनी हे नीट वाचावं. ‘व्हेज पार्मेझान’ म्हणून आपल्याकडे जे विकतात, ते चांगलं असेलही, पण पार्मिजानो नव्हे.) चाळीसेक किलोच्या एका चक्राला साधारण 550 लिटर दूध लागतं. किमान 12 महिने मुरल्यावर तपासनीस येतो आणि छोट्या हातोडीने चक्र ठोकत कान देतो. आवाज बदलला की समजायचं, आत भेग किंवा पोकळी आहे.

दोघांमधला खरा फरक गोठ्यात सुरू होतो. पार्मिजानोच्या गाईंना मुरघास (आंबवलेला हिरवा चारा) घालायला बंदी. ग्रानाच्या गाईंना तो चालतो, पण मुरघासातून दुधात उतरणारे जिवाणू पुढे चीज फुगवतात, म्हणून अंड्यातून काढलेलं लायसोझाइम घालायची मुभा आहे. ग्रानाला साय काढलेलंच दूध, मुरवण किमान 9 महिने, आणि मुलूखही मोठा, पिएमोंतेपासून व्हेनेतोपर्यंत. साहजिकच ते स्वस्त पडतं. चव सौम्य, दुधाळ.

दुकानात ओळखायचं ते सालीवरून. पार्मिजानोच्या सालीवर त्याचं नाव टिंबाटिंबांनी गोल फिरून कोरलेलं असतं. ग्रानावर शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटी, त्यांत एकाआड एक ‘ग्राना’ आणि ‘पादानो’. साल नसलेला किंवा किसलेला माल मी तरी घेत नाही.

रिसोत्तोत (इटालियन मऊ भातात) ढवळायला, सॉसमध्ये विरघळवायला ग्राना उत्तम. तिथे महागडं पार्मिजानो घालणं मला उधळपट्टी वाटते. 24 महिन्यांच्या पुढचं पार्मिजानो मात्र नुसतं खावं. बदामाच्या आकाराच्या बोथट सुरीने ढलपे पाडायचे, काप करायचे नाहीत. दाताखाली कुरकुरणारे पांढरे कण मिठाचे नसतात, ते टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लाचे स्फटिक.

मग रोम, आणि सगळा हिशेबच बदलला. तेस्ताच्चोच्या बाजारात चीजवालीने तुकडा द्यायच्या आधी विचारलं, “करणार काय आहात?” “अमात्रिचाना,” (टोमॅटोचा रोमन पास्ता) म्हटल्यावर तिने पार्मिजानोकडे बघितलंसुद्धा नाही, थेट पेकोरिनो रोमानो कापलं. मेंढीच्या दुधाचं, जवळजवळ पांढरं, तिखटसर आणि चांगलंच खारट. नाव रोमचं असलं तरी बहुतेक सगळं सार्दिनिया बेटावर बनतं. खायचं असेल तर किमान 5 महिने मुरलेलं, किसायचं असेल तर 8. ते ग्रानाच्या जागी घातलं तर रिसोत्तो खारट होतो, आणि काच्यो ए पेपेत (चीज-मिरीच्या पास्तात) त्याच्याऐवजी ग्राना घातलं तर पदार्थ मिळमिळीत. चीजवालीने पैसे घेता घेता दोन सूचना केल्या: पास्ताच्या पाण्यात मीठ नेहमीपेक्षा कमी घाला, आणि भांडं विस्तवावरून उतरवल्यावरच चीज टाका, नाहीतर गुठळ्या होतील.

पार्मिजानोची साल उरली तर टाकू नका. घासून स्वच्छ करून मिनेस्त्रोनेत (भाज्यांच्या सूपमध्ये) उकळायची. पेकोरिनोला काळा लेप असेल तर तो मात्र खरवडून फेकायचा.