तुम्ही विचारलंत म्हणून: सड्यावर बघण्यासारखं आहे तरी काय?

मी राजापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवते आणि सुट्टी मिळाली की सड्यावर जाते, त्यामुळे हा प्रश्न मला पालक विचारतात, गणपतीला आलेले चाकरमानी विचारतात, रिक्षावाले दादा तर हमखास विचारतात, की ओ बाई, त्या सड्यावर बघण्यासारखं आहे तरी काय? आणि मी विज्ञानाचंही बरंच वाचत असते हे ज्यांना माहितीय ते पुढे जोडतात, सगळ्याची कारणं कळल्यावर नवल ते काय उरतं? रस्त्यात उभ्याउभ्या दोन वाक्यात हे सांगून होत नाही, म्हणून आज बसून लिहितेय.

ज्यांनी सडा बघितला नाहीये त्यांच्यासाठी, सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचा सपाट जांभ्याचा कातळ. एप्रिलमध्ये गेलात तर काळपट तांबडा दगड, वाळलेलं गवत आणि ऊन, झाड औषधालाही नाही. सातबाऱ्यावर बहुतेक ठिकाणी पोटखराबा. पण हा दगड झाला कसा ते बघा. सह्याद्री ज्या काळ्या बेसॉल्टचा आहे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, त्याच दगडावर लाखो वर्षं पाऊस पडत राहिला आणि ऊन तापत राहिलं, पावसाने त्यातली सिलिका हळूहळू वाहून नेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं आणि काळ्याचा तांबडा झाला. म्हणजे आपल्या घराचा चिरा हा पावसाने केलेला दगड आहे. हे वाचलं त्या दिवशी मी घराबाहेर येऊन आमच्याच भिंतीवर हात फिरवून बघितला होता.

आता पावसाळा. पहिल्या पावसात दिपकाडीची पांढरी फुलं येतात, ही कोकणातच सापडणारी, मग गेंद, तेरडा, कवला एकामागून एक, आणि गणपतीच्या आगेमागे सीतेची आसवं. लांबून निळसर जांभळा पट्टा दिसतो, लोक गाडी थांबवून फोटो काढतात आणि जातात. माझं म्हणणं एवढंच की तिथे बसा, जमलं तर पोटावर झोपा. फूल नखाएवढं, मागे टोकदार शेपटी, मधे फिकट डाग. खरी गंमत मात्र मातीखाली आहे. त्या झाडाला खरी मुळंच नसतात, ओल्या मातीत टाचणीच्या डोक्याहून बारीक पिशव्या असतात आणि प्रत्येक पिशवीला एक दार. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून स्वतःला ताणून ठेवते, एखादा सूक्ष्म जीव दाराशी आला आणि केसांना त्याचा धक्का लागला की दार आत उघडतं आणि जीव पाण्यासकट आत ओढला जातो. या कुळातल्या काही वनस्पतींमध्ये हे मोजलंय, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ लागतो, आपली पापणी लवायला याच्या शंभरपट तरी लागतो. एवढा खटाटोप कशासाठी, तर कातळावरची माती जेमतेम बोटभर, त्यातलं नायट्रोजन वगैरे पावसात धुऊन जातं, मग पोटासाठी शिकार करायची. एकदा पावसाने उघडं पडलेलं एक रोप भिंगाखाली धरलं होतं, पिशव्या अगदी काचेसारख्या, आणि एकीत काहीतरी काळा ठिपका होता. बराच वेळ मी भिंग बाजूला ठेवू शकले नाही. (रोप उपटू नका, असं वाहून आलेलं कधीतरी मिळतं.)

आणि याच दगडावर खाचा कोरून काढलेली चित्रं आहेत. कातळशिल्पं आता बऱ्याच जणांनी ऐकलीयत, सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव पायी फिरून ती शोधली, नोंदवली, आणि २०२२ मध्ये बारसू, कशेळी, देवाचे गोठणे, उक्षी अशी काही ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. अभ्यासक त्यातली जुनी चित्रं मध्याश्मयुगातली, म्हणजे शेती येण्याआधीच्या काळातली मानतात. त्यात वाघ आहेत, हत्ती आहेत, मुशी (शार्क) आणि पाकट मासे आहेत, गेंडाही आहे, आणि आज कोकणात गेंडा कुठेही नाही. शेतीचं चित्र मात्र दिसत नाही, म्हणून ही माणसं शिकारीवर जगणारी असावीत असं म्हणतात.

पण मी चित्रकलेची बाई आहे, मला रेषेबद्दल बोलायचंय. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे, त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. तुम्ही त्याच्या पायाशी उभे राहिलात तर सोंड दिसत नाही. म्हणजे ज्याने काढला त्यालाही काढताना तो पूर्ण दिसत नव्हता, आसपास चढून बघायला उंच झाड नाही, टेकडी नाही. आपण मोठं चित्र काढायचं तर चौकटी पाडतो, गालिचा रांगोळीवालेही दोरी धरून आखणी करतात. मी नववीच्या मुलांना शाळेच्या ग्राउंडवर फक्कीने तेवढाच हत्ती काढायला सांगितला, चौकटी न पाडता. पहिल्यांदा पाय छान आले आणि डोकं एवढंसं झालं, कारण पाय काढणाऱ्याला डोकं दिसत नव्हतं आणि डोकं काढणाऱ्याला पाय. मग एका मुलीने युक्ती काढली, वहीत छोटा हत्ती काढला, त्याचा पाय किती बोटं, पाठ किती बोटं ते मोजलं आणि ग्राउंडवर तितकी पावलं चालत गेली, मागून दुसरा फक्की टाकत. गच्चीवरून बघितलं तर हत्ती झाला होता! मुलांनी केवढा दंगा केला. कशेळीलाही असंच केलं असेल असा माझा दावा नाही, पण त्या दिवसापासून मला पक्कं वाटतं की हे चित्र हाताने जेवढं काढलंय तेवढंच पायांनी चालून काढलंय. प्रमाण डोळ्यात नव्हे, अंगात होतं त्या माणसाच्या. उक्षीलाही एक हत्ती आहे, तिथे उंचावरून बघायची सोय केलीय, म्हणजे आपल्याला अख्खा हत्ती एका नजरेत मिळतो, जो तो काढणाऱ्याला मिळाला नसणार, आणि दरवेळी तिथे उभं राहिलं की हे मनात येऊन मला भरून येतं.

रंगाचं सांगायचं राहिलं. जांभ्याचा तांबडा म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. हाच गेरू. देवळाच्या पांढऱ्या भिंतीवर कावीची जी तांबडी नक्षी असते, चुन्यावरचा तांबडा थर खरवडून काढलेली, तिच्यातही हाच. चिरेखाणीत तांबड्याच्या जोडीने पिवळ्या मातीचे पट्टे दिसतात, तिथेही लोखंडच, फक्त त्याच्या घडणीत पाणी अडकलेलं असतं, तापवलं की ते पाणी निघून जातं आणि पिवळ्याचा तांबडा होतो. हे मी मुलांना आधी फळ्यावर लिहून समजावलं, काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, मग पिवळी माती पत्र्याच्या डबीत घालून निखाऱ्यावर ठेवली. कडेने रंग बदलायला लागला तशी अख्खी ओळ डबीवर वाकली आणि एक जण ओरडला, "बाई, खरंच होतंय!" सगळ्याची कारणं कळल्यावर काय उरतं असं विचारता ना, हे उरतं. कारण आधी माहीत होतं म्हणून तर ती सगळी वाकून त्याच कडेकडे बघत होती, नाहीतर डबीत माती भाजण्यात बघायचं काय.

रंगावरून विजयदुर्ग आठवला, तो किल्लाही जांभ्याचाच. तिथे साहेबाचे ओटे म्हणून चौथरे दाखवतात आणि हेलियमचा शोध इथे लागला असं सांगतात. खरी हकीगत वेगळी आहे आणि मला ती जास्त आवडते. मिठाचं पाणी उतू जाऊन गॅसवर पडलं की ज्योत पिवळी होते, तो सोडियमचा पिवळा, लोलकातून बघितला तर त्याची रेघ ठरलेल्या जागीच दिसते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात आंध्रातल्या गुंटूरहून जानसेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने सूर्याच्या कडेचा प्रकाश लोलकातून बघितला, त्या ग्रहणात बघणाऱ्यांना एक पिवळी रेघ दिसली, पण ती सोडियमचीच असावी असं वाटलं. लॉकयर हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ तेव्हा इंग्लंडमध्ये होता, त्याने ऑक्टोबरात ग्रहणाशिवाय तीच रेघ बघितली, ती सोडियमच्या जागेवर बसत नव्हती, जराशीच बाजूला होती, आणि पुढे तो म्हणाला हे मूलद्रव्य नवीन आहे. पृथ्वीवर ते हाती लागलं १८९५ मध्ये, रॅम्झे या रसायनशास्त्रज्ञाला, एका खनिजातून. म्हणजे २७ वर्षं हेलियम माणसाला नुसता एक रंग म्हणून माहीत होता! विजयदुर्गला लॉकयर आला तो त्यानंतर, २२ जानेवारी १८९८ चं ग्रहण बघायला. वर्गात पिवळ्याच्या छटा शिकवताना मी ही गोष्ट सांगतेच, नुसत्या डोळ्यांना ते दोन पिवळे वेगळे कळणंही कठीण इतके जवळ आहेत.

तर सड्यावर हे असं सगळं आहे. यायचं असेल तर फुलांसाठी सप्टेंबरात या, चित्रांसाठी पाऊस संपल्यावर, आणि सकाळी लवकर किंवा चारनंतरच, कारण ऊन तिरपं असलं की खाचेत सावली पडते आणि रेषा उठून दिसते, दुपारी बाराला तुम्ही हत्तीवर उभे असाल तरी कळणार नाही. फोटोसाठी रेषेत खडू किंवा रांगोळी भरू नका, हवं तर थोडं थांबा, सावली येते. चित्राच्या बाहेरूनच फिरा, गावातल्या कुणाला तरी सोबत घ्या, वाट लवकर सापडत नाही. आणि पाणी भरपूर आणा.