तुम्ही विचारलंत म्हणून: डॉक्समधले स्वल्पविराम

"पायथनच्या रेफरन्स डॉक्समध्ये स्वल्पविराम टाकत बसण्यापेक्षा खरा कोड का लिहीत नाहीस?" हे विचारणारे बहुतेक कोड लिहिणारेच असतात आणि तीच डॉक्स, म्हणजे या प्रोग्रॅमिंग भाषेची अधिकृत माहितीची पानं, त्यांच्या शेजारच्या टॅबमध्ये उघडी असतात. तर एकदाचं सांगून टाकते.

मुळात प्रश्न स्वल्पविरामाचा क्वचितच असतो. ही पानं रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या साध्या मजकुरातल्या खुणांच्या पद्धतीत लिहितात, स्फिंक्स हे साधन त्यांचं एचटीएमएल, म्हणजे वेबपान, करतं. त्यात 'नोट' (टीप) किंवा 'व्हर्जनचेंज्ड' (आवृत्तीतला बदल) या डिरेक्टिव्हपुढे, म्हणजे स्फिंक्सला दिलेल्या आदेशापुढे, दोन कोलन लागतात. एकच पडला तर तो मजकूर कॉमेंट, म्हणजे पानावर न दिसणारी नोंद, ठरतो आणि बिल्ड (पानं बांधण्याचं काम) निमूटपणे पार पडतो. अमुक आवृत्तीपासून वागणूक बदलली ही सूचना सोर्समध्ये असते, पानावर नसते. वाचणाऱ्याला चूक सापडणार कशी? दिसण्यासारखं काही उरलेलंच नसतं. डॉक फोल्डरमध्ये 'मेक चेक' ही आज्ञा चालवली की स्फिंक्स-लिंट हे चुका शोधणारं साधन अशा ओळी पकडतं. तरी बांधलेलं पान डोळ्यांनी पाहावंच.

माझा सूर बदलला तो मात्र एका 'बरोबर'च्या चिन्हामुळे. यादृच्छिक संख्या देणाऱ्या रँडम मोड्यूलमधलं युनिफॉर्म हे फंक्शन घ्या; त्याला 'ए' आणि 'बी' ही दोन टोकं द्यायची. डॉक्स म्हणतात, येणारी संख्या 'ए'पेक्षा लहान नसेल आणि 'बी'पेक्षा मोठी नसेल; म्हणजे दोन्ही टोकं धरून (≤). सूत्रही दिलंय: 'बी'मधून 'ए' वजा करा, त्याला रँडम फंक्शनच्या उत्तराने गुणा, त्यात 'ए' मिळवा. आता रँडम फंक्शन 0.0 देऊ शकतं, पण 1.0 कधीच देत नाही. मग 'बी' येईलच कसा? कागदावरचं गणित सांगतं की वरच्या टोकाचं 'बरोबर' काढून टाका. एका चिन्हाची दुरुस्ती, कुणालाही सुचेल अशी. आणि साफ चुकीची.

कारण फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे संगणक अपूर्णांक मर्यादित अंकांत साठवतो त्या पद्धतीत, बेरीज जवळच्या साठवता येणाऱ्या संख्येवर (फ्लोटवर) राउंड होते. 'ए' म्हणून 1.0 घ्या आणि 'बी' म्हणून त्याच्या लगेच पुढचा फ्लोट. मॅथ मोड्यूलमधलं नेक्स्टआफ्टर तो काढून देतं. दोघांतलं अंतर 2 चा उणे 52 वा घात, आणि मधे तिसरा फ्लोटच नाही. रँडमने 0.5 पेक्षा जास्त दिलं की बेरीज सरळ 'बी'वर जाते. म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा उत्तर नेमकं 'बी'! उलट 0 आणि 1 दिले तर 'बी' कधीच येत नाही. म्हणून डॉक्समध्ये वाक्य आहे की 'बी' येईल किंवा येणार नाही, ते राउंडिंगवर अवलंबून. वाचताना टाळाटाळ वाटते, पण त्या नोंदीतलं सगळ्यात काटेकोर वाक्य तेच. ते चिन्ह गेलं असतं, तर त्यावर विसंबून कुणी तरी 'बी' वजा उत्तर याने बिनधास्त भागाकार केला असता आणि एखाद्या दिवशी शून्याने भागल्याची एरर खाल्ली असती.

पूर्वी मी म्हणायचे, संदिग्ध दिसलं की नेमकं करा. ते मत पूर्ण सोडवतही नाही, कारण बऱ्याच पानांवर संदिग्धता म्हणजे निव्वळ आळस असतो. पण डिक्शनरीचं, म्हणजे पायथनमधल्या नाव-मूल्य जोड्यांच्या साठ्याचं, काय? 2016 मधल्या 3.6 आवृत्तीत सीपायथनची, म्हणजे पायथन चालवणाऱ्या मुख्य प्रोग्रॅमची, डिक्शनरी घातलेला क्रम राखायला लागली, आणि डॉक्स बजावत होती की यावर विसंबू नका. 2018 च्या 3.7 मध्ये तीच गोष्ट भाषेची हमी झाली. मधल्या काळात कुणी "क्रम राखला जातो" एवढंच लिहिलं असतं तर वाक्य खरं ठरलं असतं आणि वचन खोटं.

आता जे मान्य करायला जड जातं ते. ही डॉक्स जपानी, फ्रेंच, स्पॅनिश, कोरियन अशा भाषांतही आहेत, आणि भाषांतराच्या फायली मूळ इंग्रजी परिच्छेदाला जशाच्या तशा बांधलेल्या असतात. मूळात एक स्वल्पविराम हलला की जुळलेला अनुवाद 'फझी' (शंकास्पद) ठरतो, आणि अनुवादकाने तो पुन्हा तपासेपर्यंत वाचकाला तिथे इंग्रजी परिच्छेद दिसतो. शिवाय चालू असलेल्या जुन्या आवृत्त्यांत बॅकपोर्ट, म्हणजे तोच बदल तिथेही नेणं, आणि प्रत्येकाला रिव्ह्यू. त्यामुळे कुणी दुरुस्ती पाठवायची म्हटलं तर आधी मेन शाखेवरचं, म्हणजे सर्वांत ताज्या मजकुरातलं, पान बघायला सांगते, चूक तिथे कदाचित गेलेलीही असते. एका पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारण्याच्या विनंतीत) एकच विषय. आणि परिच्छेदाच्या ओळी उगाच नव्याने जुळवू नका. डिफमध्ये (जुन्या-नव्या मजकुराच्या तुलनेत) वीस ओळी लाल-हिरव्या होतात आणि खरा बदल शोधावा लागतो.

अर्थाला धक्का न लावणारा स्वल्पविराम मी हल्ली तसाच ठेवते. फक्त, अर्थाला धक्का लागत नाही हे इंग्रजी सफाईने वाचणाऱ्याने ठरवायचं की अडखळत वाचणाऱ्याने? दुसऱ्या बाजूने विचार केला की हात पुन्हा शिवशिवतात.