आमची वाटचाल: कलमं विकता विकता पाण्याकडे

1990 साली राज्य सरकारने रोजगार हमी योजनेला जोडून फळबाग लागवडीला अनुदान सुरू केलं आणि कोकणात आंबा-काजूच्या कलमांना एकदम मागणी आली. कुडाळ-मालवण पट्ट्यात ठिकठिकाणी नर्सऱ्या निघाल्या. वडिलांनी घरामागच्या परड्यात सुरू केलेली आमची त्यातलीच एक. हापूस, रत्ना ही आंब्याची आणि वेंगुर्ला-4 हे काजूचं, अशी कलमं टेम्पोत भरायची आणि पैसे मोजून घ्यायचे, एवढाच धंदा. कलम पुढे जगलं का, हे फारसं कोणी विचारायला येत नसे.

मी दापोलीहून शिकून परत आले तोवर लोक विचारायला लागले होते. तक्रारी बहुतेक सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरच्या बागांतून, आणि त्याही ऐन जुलैत. "पाऊस धो धो पडतोय, मग कलम सुकतंय कसं?" कातळ फोडून खड्डा केलेला, त्यात माती-शेणखत भरलेलं, पण तळाला आणि चारही बाजूंना दगडच. पावसाचं पाणी जाणार कुठे? मुळांनाही श्वासाला हवा लागते. ती कोंडली की मुळांची पाणी आत घ्यायची ताकद जाते, पुढे ती कुजतात. वर पानं मात्र जरा उघडीप मिळाली की वाफ सोडतातच. पाण्यात उभं असलेलं झाड असं तहानेने माना टाकतं. लोक बुरशीनाशक मागतात, आम्ही आधी खड्ड्याच्या उताराकडून चर काढायला सांगतो. औषध विकलं असतं तर दोन पैसे जास्त सुटले असते, हे वडील अजून ऐकवतात.

कोय कलम म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर, म्हणजे खुंटावर, चांगल्या झाडाची काडी बांधायची. तिथेही सगळा खेळ पाण्याचाच. पानांच्या बारीक छिद्रांतून वाफ बाहेर पडते आणि तिच्या ओढीने खोडातल्या नळ्यांतून पाण्याची सलग धार वर येते. मुळांनी घेतलेलं बहुतेक पाणी असंच उडून जातं. कापलेल्या काडीची ही वाटच तुटलेली असते. खुंटाच्या आणि काडीच्या सालीखालचा जिवंत थर जुळून नव्या नळ्या होईपर्यंत तिला खालून जवळजवळ काही मिळत नाही. म्हणून काडी झाडावर असतानाच तिची पानं छाटायची, जोड पट्टीने घट्ट आवळायचा, वर प्लॅस्टिकची टोपी घालायची. आत दमट राहिलं की काडी तग धरते. हे काम जुलै-ऑगस्टात, कारण तेव्हा बाहेरची हवाही ओलीच. आमच्याकडच्या बायकांना काडी कापतानाच कळतं कुठला जोड बसणार. मला अजून कळत नाही.

खाडीकाठची गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात तिथल्या विहिरी मचूळ होतात. पाण्यात क्षार वाढले की मुळांना ते ओढून घेणं जड जातं, पानांच्या कडा करपतात. झाड उपाशी आहे असं समजून कोणी वर रासायनिक खत टाकतं, म्हणजे क्षारात आणखी भर. अशा जागी आम्ही हापूसचा हट्ट सोडायला सांगतो. नारळ तिथे पुष्कळ सोसतो.

आता नुसती कलमं देण्यापेक्षा खड्डा, चर, आच्छादन, ठिबक यांसकट लागवड करून देण्याचं काम जास्त आहे. कलमं कमी खपतात, पण तीच बाग पुन्हा लावायला जावं लागत नाही.

लागवडीची नोंदणी मेअखेरपर्यंत चालू असते. येण्याआधी खड्ड्यात बादलीभर पाणी ओता आणि ते किती वेळात जिरतं तेवढं बघून या.